न वाचलेली ओळ

रोज दुपारी चारच्या सुमारास, टपालाची पिशवी बंद व्हायच्या आधी, मेहमूदचाचा त्या दिवशी लिहिलेली पत्रं घेऊन कचेरीच्या मागच्या ओट्यावर जात. तिथं रांजणापाशी सिंधूबाई बसलेली असे. कचेरीत पाणी भरणं आणि झाडलोट हे तिचं काम. तिला अक्षर येत नव्हतं. चाचा तिच्यासमोर उकिडवे बसत आणि एकेक पत्र वाचून दाखवत, वरच्या मायन्यापासून खालच्या सहीपर्यंत, न थांबता. मग विचारत, “यात काय करायला सांगितलंय?”

“बारदान शनवारच्या आत धाडा म्हनतोय,” सिंधूबाई सांगे. “न्हाई धाडलं तर गाडी रिकामी जाईल.”

तेवढं ऐकलं की ते पाकीट चिकटवत. पण एखाद्या दिवशी ती पदरानं तोंड पुसत म्हणे, “लई ग्वाड लिवलंय, भाऊ. पर त्या मानसानं करायचं काय?” मग ते पत्र फाडत आणि आत जाऊन नव्यानं लिहायला बसत.

शिरूरच्या पेठेत याची थट्टा होई. घोडकाठ कांदा संघाची पत्रं पाणी भरणारी बाई पास करते, असं लोक म्हणत. चाचाही त्या हसण्यात सामील होत. ही सवय त्यांना कशी लागली, हे विचारलं की मात्र विषय बदलत.

आमचं घर त्यांच्या घराला लागून. मधली भिंत एवढी बुटकी की नूरबीचाची तिच्यावरून वाटी द्यायच्या आणि घ्यायच्या. मी पुढं लिहिते आहे त्यातलं बरंचसं चाचांनीच मला सांगितलं, मी एम.ए.ला पुण्याला जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यात. थोडं चाचींनी सांगितलं. सांगताना चाचा माझ्याकडे बघत नव्हते. हातातल्या सुपारीचे बारीक बारीक तुकडे करत होते आणि त्यातला एकही तोंडात टाकत नव्हते.

मेहमूद आतार यांचे वडील बाजाराच्या गावांना हळदकुंकू, उदबत्त्या आणि सुरमा विकायचे. मंगळवारी एक गाव, गुरुवारी दुसरं. मुलगा व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास झाला तेव्हा त्यांनी बाजारात पेढे वाटले. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि पत्राची रीत त्यानं शाळेतल्या एका जुन्या मास्तरांकडून शिकून घेतली होती. वडीलधाऱ्याला पत्र लिहायचं तर आधी शिरसाष्टांग नमस्कार, मग क्षेमकुशल, मग आपल्या अडाणीपणाबद्दल माफी, आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता सुचल्यासारखं, कामाचं. कामाचं अगदी आधी लिहिणं म्हणजे दारात उभं राहून, घरात न येता, हात पुढं करणं. असं मास्तर सांगत, आणि ते मेहमूदला पटलं होतं.

वडील वारल्यावर त्याला नोकरीला चिकटवलं ते भिमाजीमामांनी. मामा नात्यानं कुणीच नव्हते. दौंडच्या बाजारात दोघांची पालं शेजारी शेजारी लागत, तेवढीच ओळख, पण ती तीस वर्षांची. लहानपणी मेहमूदला भर बाजारात झोप आली की तो मामांच्या घोंगडीवर झोपायचा. पुढं कांदा संघ निघाला तेव्हा मामा संघाचे दौंडचे माणूस झाले. शिरूर तालुक्याचा कांदा ट्रकनं दौंडला जायचा, तिथल्या मालधक्क्यावर रेल्वेच्या डब्यात भरला जायचा आणि मद्रासकडे निघायचा. डबा मिळवणं हे सगळ्यात अवघड काम. त्यासाठी गुड्स क्लार्कच्या खिडकीशी दिवस दिवस बसावं लागे. मामा चौथी शिकलेले, पण बसण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मेहमूद संघाचा पत्रव्यवहार पाहू लागला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या पत्रांचं नाव झालं. गावांतले लोक ती पत्रं फडताळात जपून ठेवत. संघाचे चेअरमन बापूसाहेब पाहुण्यांना त्याची पत्रं दाखवत. शंभर एकरांचे बागायतदार, बोलायला खडे, लिहायचा कंटाळा. त्यांनी दोन शब्द फेकायचे आणि मेहमूदनं त्याचं दोन पानी पत्र करायचं, अशी दोघांची वाटणी होती. त्या पत्रांत कुणाला कधी ‘नाही’ म्हटलेलं नसे. बापूसाहेब न वाचता सही करत.

सत्तावन्न सालच्या चैत्रात कवठे येमाईला वळवाचा पाऊस झाला. तासाभराचाच. पण काढून शेतात ढीग लावलेला कांदा वरून भिजला. तेवीस घरांचा कांदा होता तो. लोकांनी ढीग झाकायला गोणपाटं टाकली, दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर वरचा थर चाळवला, आणि माल गोणीत भरून ट्रकनं दौंडला धाडला. कारण डबा मिळाल्याची बातमी आली होती. मामा त्या डब्यासाठी तीन आठवडे खिडकीशी बसले होते.

बापूसाहेबांना भिजल्याचं उशिरा कळलं. ते कचेरीच्या पायरीवरूनच मेहमूदला म्हणाले, “भिमाजीला कळव, कवठ्याचा माल भरू नको म्हनावं. पसरून वाळू दे. डबा गेला तरी चालंल.” आणि पुण्याला निघून गेले.

टेलिफोन लागायला अर्धा दिवस जायचा. तार करावी तर दौंडला मामांच्या घरी तार म्हणजे कुणीतरी गेलं एवढाच अर्थ. मागच्या खेपेला तारवाला नुसता दिसल्यावर त्यांच्या म्हाताऱ्या आईनं हंबरडा फोडला होता. दुपारचा ट्रक उभाच होता. मेहमूद पत्र लिहायला बसला.

त्यानं मला ते पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं, तेव्हा तो चाचा झाला होता आणि मध्ये नऊ वर्षं गेली होती. पहिलं पान नमस्काराचं आणि मामांच्या आईच्या गुडघ्यांच्या चौकशीचं. मागच्या बाजूला हे होतं: “विशेष. कवठ्याकडील माल वळवाने किंचित भिजल्याचे कानी आले. सदर माल काही दिवस हवेवर राहिल्यास बरे, असे चेअरमनसाहेबांचे मनात आहे. तथापि डब्याची अडचण आपण जाणताच. आपण वडीलधारे. आम्ही लेकरांनी आपणांस सांगावे असे काही नाही. आपणांस योग्य वाटेल तसे करावे.”

डबा गेला तरी चालेल, हे त्यानं लिहिलंच नाही. लेखणी तिथं थांबली होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. जो माणूस तीन आठवडे उन्हात बसून डबा मिळवतो, त्याला तो गेला तरी चालेल असं कसं लिहायचं? आणि ‘भरू नका’ हे तर ज्यांच्या घोंगडीवर आपण झोपलो त्यांना लिहायचे शब्दच नव्हेत. त्यानं पत्र पुन्हा वाचलं. त्याला ते सुंदर वाटलं. कार्बनची नक्कल फाइलला लावून त्यानं पाकीट ट्रकवाल्याकडे दिलं.

मामांनी पत्र वाचलं. हातातला डबा सोडला तर पुन्हा महिनाभर मिळणार नव्हता. वरच्या गोण्या त्यांनी उघडून पाहिल्या, त्या कोरड्या होत्या. योग्य वाटेल तसं करा, असं पत्रात होतं. त्यांना योग्य वाटलं ते त्यांनी केलं.

आठव्या दिवशी मद्रासच्या व्यापाऱ्याची तार आली. दार उघडल्यावर डब्यातून सडलेल्या कांद्याचं पाणी वाहत होतं.

कवठ्याचे लोक दोन बैलगाड्या करून शिरूरला आले आणि संघाच्या व्हरांड्यात बसले. कुणी आरडाओरडा केला नाही, पण कुणी उठेनाही. बापूसाहेबांनी मामांना दौंडहून बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सभा घेतली. त्यांनी स्वतः भरू नको म्हणून सांगितलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि पत्रात तेच गेलं असणार याविषयी त्यांना शंका नव्हती. ते मेहमूदला म्हणाले, नक्कल वाचून दाखव.

मेहमूद उभा राहिला. त्यानं मायना गाळून विशेषपासून वाचायला सुरुवात केली. माल भिजल्याचं वाचलं. हवेवर राहिल्यास बरे, असे चेअरमनसाहेबांचे मनात आहे, हेही वाचलं.

आणि तिथं थांबला. कागद दुमडला.

“म्हंजी सांगितलं व्हतं की,” मागून कुणीतरी म्हणालं.

“एवढं अदबीनं कळवलं,” बापूसाहेब मामांना म्हणाले, “आन् तुम्ही डब्याच्या हावरेपनात माल कोंबला.”

मामा समोर खाली बसले होते. ते मेहमूदकडे पाहत होते. त्यांच्या बंडीच्या खिशात मूळ पत्राची कडा दिसत होती. त्यांचा हात खिशाकडे गेला नाही. मेहमूद सांगत होता, की त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. मामा नुसते वाट पाहत होते, पुढचं वाचलं जाण्याची. थोड्या वेळानं त्यांनी मान खाली घातली. त्या दिवशी त्यांना कामावरून काढलं.

घरी गेल्यावर मेहमूद जेवला नाही. नूरबीचाचींनी विचारलं तेव्हा पोटात दुखतं म्हणाला. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेला, बापूसाहेबांनी त्याची पाठ थोपटली, आणि तो पुन्हा पत्रं लिहू लागला. तशीच, दोन पानी. चाची म्हणायच्या, त्या वर्षी ते बाजारातून येताना वाट वाकडी करून यायचे. दौंडच्या गाडीचा थांबा रस्त्यात लागायचा म्हणून.

हे अकरा महिने चाललं. मी त्यांना विचारलं होतं, रोज काय वाटायचं? ते म्हणाले, रोज वाटायचं आज सांगू. मग टपालाची वेळ व्हायची.

पुढच्या फाल्गुनात कवठ्याच्या कस्तुराबाई कचेरीत आल्या. बाई विधवा, स्वतः शेती करायच्या. त्यांचाही कांदा त्या डब्यात गेला होता. भावाला कार्ड लिहून घ्यायचं होतं. लिहून झाल्यावर पदराची गाठ सोडता सोडता त्या आपल्या म्हणाल्या, “त्यो दौंडचा म्हातारा आला व्हता, दिवाळीच्या अंगाला. तेवीस घरं फिरला. दारात टोपी उतरवून ठिवायचा आन् म्हनायचा, माजी चूक झाली. पायी हिंडत व्हता.” मग म्हणाल्या, “म्या पानीसुदिक इचारलं न्हाई त्याला.”

मेहमूदनं ते कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि तो मागच्या ओट्यावर गेला. सिंधूबाईनं तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. तिथंच बसून त्यानं तिला विचारलं, तुला एक पत्र वाचून दाखवतो, त्यात काय करायला सांगितलंय ते सांग. फाइलमधली नक्कल आणून त्यानं सगळी वाचली. शेवटच्या ओळीपर्यंत.

सिंधूबाईनं मान हलवली. “मनाला येईल ते करा म्हनतोय,” ती म्हणाली.

आठवड्यानं संघाची वार्षिक सभा होती. त्यानं आधी बापूसाहेबांना लिहून दिलं. बापूसाहेबांनी चिठ्ठी वाचली, खणात टाकली आणि सांगितलं, झालं ते झालं, आता उकरू नको. त्या पत्राची नक्कल त्यांनी कधी उघडून पाहिली नव्हती, एरवी सहीसुद्धा ते न वाचताच करत. हेही मेहमूदला दिसलं, पण ते त्यानं माझ्याजवळ त्यांच्याविरुद्ध वापरलं नाही. न वाचता सही करता येईल इतका विश्वास त्यांनी माझ्यावर टाकला, एवढंच म्हणाला.

सभेत तो इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात बसलेला असे. विषय संपत आले तेव्हा तो वही मिटून उभा राहिला. मोठ्यानं बोलायची त्याला सवय नव्हती. मग त्यानं नक्कल वाचली. राहिलेल्या ओळी वाचल्या, डब्याची अडचण, आम्ही लेकरांनी, आपणांस योग्य वाटेल तसे करावे. आणि म्हणाला, “ह्या ओळी त्या दिवशी मी वाचल्या न्हाईत. साहेबांनी भरू नका म्हणून सांगितलं होतं, ते मी लिहिलं न्हाई. भिमाजीमामांची चूक नव्हती. माझी होती.”

मग कवठ्याचे सोपानराव म्हणाले, “आता सांगून कांदा परत येतोय व्हय, मेहमूदभाई?” काहीजण हसले. ते हसणं ओसरेपर्यंत तो उभा होता.

कस्तुराबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्या उठून बाहेर गेल्या.

त्यानं राजीनामा दिला, तो घेतला गेला नाही. बापूसाहेब दोन महिने त्याच्याशी कामापुरतं बोलले. पण मामांना परत घ्यायचा ठराव झाला, आणि तो कळवण्याचं पत्र मेहमूदनंच लिहिलं. या वेळी ते ट्रकनं धाडलं नाही, स्वतः घेऊन गेला.

मामा दौंडला एका लाकडाच्या वखारीत ओंडके मोजायचं काम करत होते. त्यांनी हात झटकले, पत्र घेतलं आणि बोट ठेवून ठेवून वाचलं. वाचायला वेळ लागला नाही. “भिमाजीराव यांस. कवठ्याच्या मालाबाबत आपली चूक नव्हती. चूक मेहमूद आतार यांची होती, ती त्यांनी सभेत सांगितली आहे. आपण सोमवारपासून कामावर यावे.”

“ह्ये तूच लिवलंस?”

“व्हय, मामा.”

“मंग तवा असं का न्हाई लिवलंस?”

मेहमूद म्हणाला, तुम्हाला ‘नका’ असं कसं लिहू?

मामांनी पत्राची घडी केली. “तू मला मान दिलास,” ते म्हणाले, “आन् त्यो मान घेऊन म्या तेवीस दारांत टोपी उतरवली.”

मेहमूदनं विचारलं, मूळ पत्र तर तुमच्या खिशात होतं, तुम्ही ते का नाही काढलं?

“वाटलं, पोरगं वाचंल. वाचीत न्हाई म्हनल्यावर मलाच कसंतरी झालं. तुज्या बापाची आठवन झाली.” मग ते पुन्हा ओंडक्यांकडे वळले. “पर अकरा महिनं लागलं तुला, मेहमूद.”

मामा सोमवारी कामावर गेले नाहीत. नंतरही कधी गेले नाहीत. नाव साफ झालं तेवढं पुरं, आता खिडकीशी बसवत नाही, असा त्यांचा निरोप आला. कवठ्याची काही माणसं दौंडला जाऊन त्यांना भेटून आली. कस्तुराबाई गेल्या होत्या, शेतातली भाजी घेऊन.

शिरूरला परतल्यावर मेहमूदनं आपली पद्धत बदलली. ते सोपं गेलं नाही. पहिल्या ओळीत काम लिहायचं म्हणजे त्याला उघड्या डोक्यानं मशिदीत गेल्यासारखं वाटायचं. पण तो लिहू लागला. कुणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत, आणि ते झालं नाही तर काय चालेल व काय चालणार नाही. नमस्कार शेवटी, एका ओळीत. काही जुन्या लोकांना राग आला, मेहमूदला नोकरीचा ताठा चढला म्हणाले. त्यानं उलट उत्तर दिलं नाही. स्वतःवर मात्र त्याचा विश्वास उरला नव्हता. लिहून झाल्यावर आपल्याला ते सुंदर वाटतंय का, हे तो आधी बघायचा, आणि तसं वाटलं तर दचकायचा. म्हणून सिंधूबाई. तिला सुंदर-असुंदराशी काही देणंघेणं नव्हतं.

संघात नवा कारकून आला की चाचा त्याला शिकवत. पण का, ते सांगत नसत. मला त्यांनी सांगितलं त्या दिवशी मी विचारलं होतं, की आता इतकी वर्षं झाली, सभेत कबूलही केलंत, अजून का मनाला लावून घेता? ते म्हणाले, चूक पत्रात झाली तिची लाज वाटत नाही, ती रीतच तशी शिकलो होतो. कागद दुमडला, त्याची वाटते. तो दुमडताना माझे हात कापले नव्हते.

दर महिन्याला एकदा ते दौंडला मामांकडे जात. चाची सोबत भाकरी बांधून देत. दोघं वखारीच्या बाहेर बसत, फारसं बोलत नसत, असं चाचींना एकदा बरोबर गेल्यावर दिसलं. मामांनी माफ केलं का, हे चाचांनी त्यांना कधी विचारलं नाही, आणि मामा आपणहून काही म्हणाले नाहीत.

सहासष्टच्या थंडीत चाचांचा दमा वाढला. दोन महिने जाणं झालं नाही. तिसऱ्या महिन्यात मामाच आले, सत्तरी उलटलेले, काठी टेकत, एकटे एस.टी.नं. मी सुटीला घरी आले होते. चाचींनी हाक मारली म्हणून चहाचं आधण ठेवायला पलीकडे गेले. मामा बाजेच्या पायथ्याशी बसले होते. दौंडला नवा मालधक्का बांधताहेत, आईचं वर्षश्राद्ध झालं, असं काही काही सांगत होते. चाचांना बोलताना धाप लागत होती, ते नुसते ऐकत होते. एकदा मामांनी त्यांच्या अंगावरची चादर पायापर्यंत ओढली आणि हात तिथंच राहू दिला, बराच वेळ.

चार वाजून गेल्यावर मामा उठले. सावकाश निघतो, सातची गाडी आहेच, असं म्हणून उंबऱ्याशी वहाणा घालू लागले. चाचांनी उशीवरून मान वळवली. त्यानंतर ते कुणाशी बोलले नाहीत. दिवेलागणीला शुद्ध हरपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. मान वळवून मामांना ते एवढंच म्हणाले होते:

“मामा, पाचची गाडी धरा. सातची भरून येते, उभं राहावं लागंल.”